मुलाची बाहुली होते तेव्हा: विनोदी सचित्र बालकादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लिहिणाऱ्यांचे आहेत, तसेच चित्रं काढणाऱ्यांचेही. वाचक ८ ते ११ वर्षांचा धरला आहे. उदाहरणांसाठी सगळीकडे एकच पोरगा घेतलाय: बबन, वय ९, अंगात किडे. (बाहुली झाल्यावर हे शब्दशः खरं ठरू शकतं. प्रश्न १३ पाहा.)

१. मूल बाहुली होतं अशी विनोदी कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कशापासून करू? कथानक, पात्रं की जादू?

बाहुलीपासून. ती कशाची आहे, कुठे वाकते, कुठे वाकत नाही आणि तिला कोण हलवतं, एवढं कागदावर उतरल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका. या प्रकारात संवादापेक्षा शरीर जास्त हसवतं. बबनचं डोकं तेच, खोड्याही त्याच, फक्त आता गुडघा हवा तेव्हा वाकत नाही आणि मूठ मिटत नाही. हे नियम आधी ठरलेले नसले की पान २० वर बबन जिना धावत चढतो आणि पान ६० वर त्याला खुर्चीवर बसता येत नाही. मोठ्या माणसांच्या हे लक्षातही येत नाही. पोरं मात्र तिथेच बोट ठेवतात: "मग तेव्हा कसा चढला?"

सगळ्यात स्वस्त अभ्यास म्हणजे एक चिंधीची बाहुली शिवणं. डोक्याला २ दोरे, हातांना २, पाठीला १, आणि पायात वाळूच्या दोन पुरचुंड्या. तिला अर्धा तास चालवून, बसवून, उठवून बघा. नुसत्या विचाराने न सुचणाऱ्या निम्म्या फजित्या त्या अर्ध्या तासात हाती लागतात.

२. बाहुलीचा कोणता प्रकार विनोदाला बरा?

प्रत्येक प्रकाराची अडचण वेगळी, म्हणून विनोदही वेगळा.

हातमोजा बाहुलीला बहुधा पाय नसतात. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट हातांत. दोन हातांच्या मध्ये वस्तू पकडणं, मारामारी, टाळ्या हे तिला झकास जमतं, पण कमरेखाली ती रिकामी असते. अशा बबनला काठी फिरवता येईल, पळता येणार नाही. काठीबाहुलीला खालून काठ्या असतात. तिचे हातवारे ठसठशीत, पण काठी जाईल तिथेच हात जाणार. छायाबाहुली सपाट असते आणि बहुतेक वेळा एका बाजूनेच दिसते. असा बबन दाराच्या फटीतून सरकू शकतो, पण समोर तोंड केलं की जवळपास नाहीसा होतो. ही कल्पना फारच कमी लोक वापरतात. बोलक्या बाहुल्याचा जबडा मागच्या कळीने हलतो. तोंडाळ पोरासाठी तो चांगला, पण काही मुलं त्याला घाबरतात (प्रश्न १४).

पूर्ण लांबीच्या कादंबरीसाठी आमचा कौल कळसूत्री बाहुलीला. तिला अख्खं शरीर असतं आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक अवयव दगा देऊ शकतो. पुढची उत्तरं तिलाच धरून आहेत.

३. कळसूत्री बाहुलीला नेमके किती दोरे असतात? कुठे बांधतात?

परंपरेप्रमाणे आकडा बदलतो, पण कादंबरीसाठी ९ दोऱ्यांची रचना सोयीची: डोक्याला दोन्ही कानांच्या वर २, खांद्यांना २, पाठीला कमरेच्या जरा वर १, हातांना २ आणि गुडघ्यांच्या किंचित वर २. हे सगळे वरच्या लाकडी फुलीला येऊन मिळतात.

शरीराचं वजन खांद्यांचे दोरे पेलतात. म्हणूनच डोक्याचे दोरे सैल सोडले की मान डोलते. पाठीचा दोरा ताणून धरायचा आणि बाकी फुली खाली झुकवायची, की बाहुली वाकून नमस्कार करते. गुडघ्याच्या सांध्याला पुढून अडसर कोरलेला असतो, त्यामुळे पाय मागेच दुमडतो. पावलं जड ठेवतात, कधी आत शिसं भरतात. पावलं हलकी राहिली तर बाहुली चालल्यासारखी न वाटता तरंगल्यासारखी वाटते.

मापं: बाहुली ४५ ते ६० सेंटिमीटर. ५० सेंटिमीटरचा बबन खुर्चीच्या बैठकीपेक्षा जेमतेम उंच. दाराची मूठ त्याच्या दुप्पट उंचीवर. बाहुली जमिनीवर उभी असताना फुली हलवणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर यावी, एवढी दोऱ्यांची लांबी धरा. हे आकडे चित्रकाराला पहिल्याच दिवशी द्या.

४. कळसूत्री बाहुली साधी पेन्सिलसुद्धा उचलू शकत नाही म्हणतात. खरं का?

हो, आणि या कादंबरीतलं सगळ्यात मोठं भांडवल तेच. दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. वर नेण्याचं काम दोऱ्याचं, खाली आणण्याचं काम वजनाचं. बोटं कोरलेली असतात, ती मिटत नाहीत.

आता जमिनीवरची पेन्सिल बघा. पाठीचा दोरा ताणला, फुली झुकली, बबन कमरेत वाकला. हात लोंबत खाली गेला आणि पेन्सिलीवर टेकला. इथपर्यंत ठीक. आता हाताचा दोरा ओढला. हात वर आला, पेन्सिल तिथेच. परत हात खाली. या वेळी पंजाने पेन्सिलीला टिचकी मारली, ती घरंगळत कपाटाखाली गेली. कपाटाखाली वाकायचं तर नऊ दोरे कपाटाच्या वरून येतात, म्हणजे आत शिरताच येत नाही. एका पेन्सिलीवर दीड-दोन पानं आरामात निघतात आणि त्यातली एकही गंमत बाहेरून आणलेली नसते.

खरे कळसूत्रीवाले यावर तोड काढतात: तळव्याला भोक पाडून त्यातून वस्तूला बांधलेला जास्तीचा दोरा ओवतात, किंवा तळव्यात लोहचुंबक बसवतात. गोष्टीत यातलं काही आणायचं असेल तर बबनची निदान तीन वेळा फजिती झाल्यावरच आणा.

५. दोरे कोणाच्या हातात असावेत? की बबन आपोआप हलतो?

तीन रस्ते आहेत. पहिला: कोणीच धरत नाही, बबन स्वतः चालतो आणि दोरे मागून फरफटत येतात. लिहायला हा सोपा, पण दोरे निव्वळ शोभेचे उरतात. मग ते दारात अडकवा, पंख्यात गुंतवा, नाहीतर कापूनच टाका. दुसरा: बबनला फक्त विचार करता येतो, हलवतं दुसरंच कोणी. तिसरा: दोरा ताणलेला असला तरच बबनला तो अवयव हलवता येतो, म्हणजे कोणीतरी धरावं लागतं, पण इच्छा त्याची.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली जागा सगळ्यात सुपीक. ताईच्या हातात फुली आहे, आत आपला भाऊ आहे हे तिला ठाऊक नाही. ज्या पाहुण्यांचा बबनला मनापासून राग, त्यांच्यासमोर ती त्याला सात वेळा वाकवते. त्याला लाथ मारायची आहे, उठतो तो नमस्काराचा हात. कुठलाही एक रस्ता घ्या, पण मध्येच बदलू नका. बदललात तर तो बदल हीच मोठी घटना झाली पाहिजे.

६. बाहुली म्हणू, बाहुला म्हणू की कठपुतळी? मुलगा असेल तर पुढे "तो" लिहू की "ती"?

मराठीत हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. "बबनची बाहुली झाली" या वाक्यात कर्ता स्त्रीलिंगी झाला. पुढच्याच वाक्यात "तो ओरडला" आलं तर वाचक अडखळतो. शिवाय "बबनची बाहुली" म्हणजे बबनच्या मालकीची बाहुली असाही अर्थ निघतो. हा घोटाळा पहिल्याच प्रकरणात मुद्दाम एकदा घालावा, तो छान रंगतो.

पुढे एक साधी शिस्त पाळा. निवेदक बबनला नेहमी "तो" म्हणेल. ज्यांना खरं माहीत नाही ती पात्रं "ती" म्हणतील. ज्या क्षणी ताई "ती पडली" म्हणायचं सोडून "तो पडला" म्हणते, त्या क्षणी तिला कळलं हे वाचकालाही कळतं, वेगळं वाक्य लिहावं लागत नाही. मुलगी असेल आणि बोलका बाहुला असेल तर हेच उलट. निवेदनात मात्र बाहुली, बाहुला, कठपुतळी असे तिन्ही शब्द आलटून-पालटून वापरू नका. एकच ठेवा.

७. रूपांतर कितव्या पानावर व्हावं?

पान १२ च्या आत. बबन आधी कसा होता हे दाखवायला पाच-सहा पानं पुरतात. त्यात त्याची एक सवय, एक भांडण आणि एक अर्धवट राहिलेलं काम पेरून ठेवा. तिन्ही पुढे लाकडी हातांनी निस्तरायची आहेत.

रूपांतर एका झटक्यात करण्यापेक्षा अवयवागणिक करा. आधी बोटं जुळून येतात, मग कोपरात खट् असा आवाज, मग पापणी मिटेनाशी होते. प्रत्येक पायरीवर बबनने त्याचं चुकीचं कारण काढावं: थंडी वाजली असेल, मुंग्या आल्या असतील. स्वप्नात झालं, ही पळवाट नको. वाचकाला ती फसवणूक वाटते.

८. जादू कशी चालते हे किती समजावून सांगायचं?

कारण एका वाक्यात, नियम तीन. चौथा नियम लागतोय असं वाटलं तर कथानकात भोक आहे असं समजा. प्रत्येक नियम कमीत कमी दोनदा वापरा: एकदा बबनला गोत्यात आणण्यासाठी, एकदा गोत्यातून काढण्यासाठी. उदाहरणार्थ, लाकडाला चटका कळत नाही. तिसऱ्या प्रकरणात त्याचा पंजा तव्यावर काळा पडतो आणि त्याला पत्ताच नसतो. तेराव्यात त्याच पंजाने तो कोणालाच हात लावता न येणारी तापलेली वस्तू ढकलून बाजूला करतो.

९. बाहुली झालेल्या मुलाला भूक लागते का? झोप? आणि शू?

मुलं हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, म्हणून तिसऱ्या प्रकरणाच्या आत उत्तर आलं पाहिजे. चालून जाणारी मांडणी अशी: शू नाही, घाम नाही, भूक मनाला लागते, पण पोट पोकळ, डोळे मिटत नाहीत म्हणून झोप येत नाही आणि रात्री लांबलचक होतात. शेवटचा भाग जपून ठेवा. सगळं घर झोपलेलं असताना उघड्या डोळ्यांनी टांगून राहणं, एवढी एकच शांत जागा या गोष्टीत आपसूक मिळते.

१०. तोंड कोरलेलं आहे तर बबन बोलतो कसा?

बोलक्या बाहुल्याचा जबडा हलतो, साध्या कळसूत्रीचा नाही. प्रयोगात आवाज हलवणाऱ्याचा असतो, आणि कोण बोलतंय हे कळावं म्हणून बोलणारी बाहुली हलते, बाकीच्या स्थिर उभ्या राहतात. हीच रीत पुस्तकात आणा: बबनचा आवाज येतो, पण तो हलला नाही तर समोरच्याला वाटतं दुसरंच कोणीतरी बोललं. वर्गात मास्तरांना उलट उत्तर गेलं आणि उभं केलं गेलं ते शेजारच्याला. त्याचा आवाज कोणालाच ऐकू न येऊ देणं हाही एक पर्याय आहे, पण मग संवाद उरत नाहीत आणि सगळा भार निवेदकावर पडतो.

११. वाक्प्रचार शब्दशः खरे करण्याचा विनोद किती वापरावा?

बाहुलीच्या गोष्टीला मराठीने दिलेलं हे आयतं भांडार आहे, कारण आपले निम्मे वाक्प्रचार हाडामांसाचेच आहेत. हातपाय गळणे, कंबर कसणे, मान टाकणे, डोकं फिरणे, अंगावर काटा येणे (लाकडाला ढलपी निघते), काढता पाय घेणे. शेवटचा तर सोन्यासारखा. बबनने काढता पाय घेतला आणि तो काखेत मारून लंगडी घालत निघाला.

जवळून बघू:

मास्तरांनी आवाज चढवला आणि बबनचे हातपाय गळाले. आधी डावा हात. मग उजवा. मग दोन्ही पाय, एकावर एक, खट् खट्.
"उचल ते," मास्तर म्हणाले.
"कशाने?" बबनने विचारलं.

इथे हसू "कशाने" या एका शब्दावर येतं. त्याच्यापुढे "कारण त्याचे हात खाली पडले होते" असं लिहिलंत की संपलं. चित्रातही हात जमिनीवर दाखवा, पण बबनचं आश्चर्य दाखवू नका.

प्रकरणात दोनापेक्षा जास्त नकोत आणि एक वाक्प्रचार पुस्तकात एकदाच. आठ वर्षांच्या मुलाला तो ठाऊक असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन प्रकरणं आधी एखाद्या मोठ्या माणसाच्या तोंडी तो नेहमीच्या अर्थाने येऊन जाऊ द्या. दुसऱ्याच्या तालावर नाचणं आणि सूत्रं हलवणं हे दोन मात्र कोणालाही सुचतात. ते सोडून दिलेले बरे.

१२. दोऱ्यांचा गुंता होतो तो नक्की कसा? तो सोडवण्याचा प्रसंग खरा वाटायला हवा.

गुंते दोन जातींचे. पहिल्यात बाहुली स्वतःभोवती फिरते आणि दोऱ्यांना पीळ पडतो. फुली उंच धरली, बाहुली मोकळी लोंबकळू दिली, की ती आपली आपण उलटी फिरून पीळ बराचसा सुटतो. (बबनला यात गरगरतं. मोफत विनोद.) दुसऱ्यात हात, पाय किंवा खुद्द फुली दोन दोऱ्यांच्या मधून पलीकडे गेलेली असते. ही गाठ ओढून सुटत नाही, उलट आवळते. जो भाग जिथून गेला तिथूनच परत आणावा लागतो.

सोडवायचा क्रम: आधी खांद्यांचे दोरे सरळ करायचे, कारण वजन त्यांच्यावर, मग डोक्याचे, मग पाठीचा, शेवटी हात आणि गुडघे. कात्री लावणं ही घाईच्या माणसाची चूक. कापलेला दोरा परत बांधला की तेवढाच आखूड होतो, आणि बबनचा एक खांदा पुढची दोन प्रकरणं वर राहतो. ही चूक एखाद्या पात्राकडून जरूर करवा.

१३. बाहुली पाण्यात पडली तर? आगीजवळ गेली तर? उंदीर, वाळवी?

पाण्यात सगळ्यात जास्त काही घडतं. लाकूड फुगतं आणि सांधे जाम होतात. सरसाने चिकटवलेले जोड सुटू लागतात. रंगाचे पापुद्रे निघतात. पिळाचा सुती दोरा भिजला की आखडतो, म्हणजे ओल्या बबनचे हात आपोआप थोडे वर येतात, शरण आल्यासारखे. पायात शिसं असेल तर तो पाय खाली, डोकं वर असा तरंगतो. घाईने उन्हात वाळवला तर लाकडाला तडा जातो. सावलीत, हळूहळू वाळवायचं.

आगीचा प्रसंग एखादाच, तोही करपण्यापुरता. उंदीर दोरे कुरतडतो. किड्याने पोखरलेल्या लाकडातून बारीक भुसा गळतो, आणि बबन बसला होता तिथे भुशाची छोटी रास सापडणं हा रहस्याचा उत्तम धागा आहे.

१४. मुलं घाबरतील का? हसवायला जातो आणि भयकथा होते.

घाबरवणाऱ्या गोष्टी बहुतेक तीनच: निर्जीव डोळे, दुखापत आणि कायमचं अडकून राहणं. डोळे चकचकीत ठेवा. काळ्या मण्याच्या डोळ्यावर प्रकाशाचा एक ठिपका काढला की तो जिवंत वाटतो, सपाट रंगवलेला डोळा मेलेला वाटतो. दुखापतीसाठी नियम करा की तुटलं तरी दुखत नाही, पण कोणी सांध्याला हात लावला की गुदगुल्या होतात. अडकून राहण्याची भीती घालवायची तर निदान एक पात्र, एखादं धाकटं भावंड किंवा मांजर, पहिल्यापासून ओळखणारं हवं. पूर्ण एकटा बबन दहा पानांच्या वर हसवू शकत नाही.

१५. हालचाल न जमणाऱ्या शरीरावर विनोद करतोय. अपंग मुलांना हे लागणार नाही ना?

लागू शकतं. बबनचा बेत आणि दोऱ्यांची मर्जी यांच्या ओढाताणीवर हसा, वेगळं चालणाऱ्या माणसावर नको. "लंगडा", "लुळा" असे शब्द चिडवण्यासाठी वापरू नका, शत्रूपात्राच्या तोंडीसुद्धा सांभाळून. शेवटी तो "नीट झाला" असंही लिहू नका. तो परत मुलगा झाला, बस. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलासमोर एखादं वाक्य मोठ्याने वाचायला जीभ रेटत नसेल, तर ते काढा.

१६. किती शब्द, किती पानं, किती चित्रं?

छपाईचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) साधारण १६ पानांचा, म्हणून पृष्ठसंख्या १६ च्या पटीत बसवा: ९६, ११२ किंवा १२८. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात, १४ पॉइंट अक्षरात पानाला २०० च्या आसपास शब्द बसतात. १२८ पानांचा हिशेब: सुरुवातीची ६, पूर्ण पानाची १२ चित्रं, अर्ध्या पानाची २४ (म्हणजे १२ पानं), प्रकरणांच्या शीर्षचित्रांना मिळून ५. उरली ९३ पानं, म्हणजे सुमारे १८,६०० शब्द. प्रकरणं १४ ते १६.

आधी मजकूर ३०,००० शब्दांपर्यंत वाढवायचा आणि मग चित्रं कोंबायची, हा उलटा उद्योग. त्यात नेहमी चित्रांचाच बळी जातो.

१७. मुलगा आणि बाहुली, दोघं एकच आहेत हे चित्रात कसं कळेल?

तीन खुणा ठरवा, ज्या लाकडातही कोरता येतील: उभी राहिलेली केसांची बट, एक पडका दात, एक मोठा कान. शर्टाच्या नक्षीवर विसंबू नका, कपडे बदलतात. पहिलं चित्र करण्याआधी नमुना-पान तयार करा: समोरून, बाजूने, मागून, बसलेला, लोंबकळणारा. शेजारी खुर्ची आणि दार, प्रश्न ३ मधल्या मापांनी. दहाव्या चित्रापर्यंत बबन हमखास ४-५ सेंटिमीटरने वाढतो. हे पान समोर टांगलेलं असेल तर वाढत नाही.

१८. कोरलेला चेहरा बदलत नाही. मग भाव कसे दाखवू?

चेहऱ्याला हात न लावता मान फिरवा. जपानच्या नो नाट्यातले मुखवटे याच युक्तीवर चालतात: मुखवटा किंचित वर केला की तो उजळतो, खाली झुकवला की सावली पडून खिन्न होतो. म्हणून चेहरा मुळात अर्धवट कोरा: ना हसरा, ना रडका. बाकी काम खांदे आणि गुडघे करतात. चित्रकाराला दर दोन चित्रांनी भुवया वाकवण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण मख्ख चेहऱ्याने जिन्यावरून गडगडणारा बबन किंचाळणाऱ्या बबनपेक्षा कितीतरी जास्त हसवतो.

१९. प्रत्येक चित्रात नऊच्या नऊ दोरे काढायचे?

नाही. त्या क्षणी काम करणारे दोरे सरळ रेषेत, बाकीचे सैल बाकात किंवा तुटक. एक चूक मात्र माफ नाही: हात वर आणि त्याचा दोरा सैल. वर गेलेल्या अवयवाचा दोरा ताणलेलाच हवा. फुली चौकटीबाहेर ठेवली की वर कोण आहे ही उत्सुकता टिकते, पण त्यासाठी चित्र उभं आणि उंच लागतं. आडव्या चित्रात दोरे मध्येच कापल्यासारखे दिसतात.

२०. पान उलटण्याचा विनोदाशी काय संबंध?

विषम आकड्याचं पान उजवीकडे असतं. त्याच्या शेवटच्या ओळीत तयारी, पान उलटल्यावर वरच फजितीचं चित्र. चित्र समोरासमोरच्या पानावर आलं तर डोळा आधी तिथे जातो आणि वाक्य वाचायच्या आत गंमत फुटते. मजकूर शेवटच्या क्षणी दोन ओळींनी सरकला तरी हे गणित बिघडतं, म्हणून अंतिम मांडणीवर लेखकाने स्वतः एक फेरी मारावी.

२१. छपाईसाठी चित्रं कशी द्यावीत?

छटांची आणि रंगीत चित्रं छापायच्या आकारात ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके), निव्वळ काळी रेघ ६०० ते १२००. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जास्त. शिवणीपासून १०-१२ मिलिमीटरमध्ये चेहरा नको. मूळ चित्र सव्वा ते दीडपट मोठं काढा, पण दोरे लहान झाल्यावर नाहीसे होणार नाहीत ना, हे एकदा छापून बघा. "खट्", "धप्प" हे आवाज चित्रकाराने हातानेच लिहावेत, वरच्या-खालच्या मात्रांना जागा ठेवून.

२२. पिनोकिओची नक्कल म्हणतील का? त्यातलं काही वापरता येईल का?

गोष्ट उलट्या दिशेची आहे. तिथे बाहुल्याचा मुलगा होतो, इथे मुलाची बाहुली. (मुलांचं रूप तिथेही बदलतं, पण गाढवात.) कार्लो कोल्लोदी यांनी पिनोकिओची गोष्ट इटालियनमध्ये १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात हप्त्यांनी लिहिली. १८८३ मध्ये एनरिको माझ्झांती यांच्या चित्रांसह पुस्तक आलं. लेखक १८९० मध्ये वारले, त्यामुळे मूळ मजकुरावरचा हक्क केव्हाच संपला. पण नंतरचे अनुवाद आणि १९४० च्या डिस्ने चित्रपटातलं रूप, टोपी, कपडे यांचे हक्क वेगळे. ते उचलू नका. वाढणारं नाक टाळाच. नाक खुपसण्याचा विनोदही नको, वाचक लगेच तिकडे जातो.

२३. गोष्ट बबननेच "मी" म्हणून सांगितली तर?

चालेल, पण मग तो पेटीत पालथा पडला की वाचकही पालथा. दोरा ओढल्याशिवाय मान वळत नाही, म्हणून समोर दिसेल तेवढंच, बाकी कानांवर. असा अंधार दीड पानाच्या वर ताणू नका. त्या जागी संपूर्ण काळं पान टाकायची कल्पना छान आहे. फक्त छापखान्याला आधी सांगा, कारण भरगच्च शाई समोरच्या पानावर उमटू शकते आणि पातळ कागदातून मागे दिसते.

२४. शेवटी बबन सुधारलाच पाहिजे का?

सुधारला तर हरकत नाही, पण सुधारला म्हणून तो परत मुलगा झाला, असं नको. तसं केलं की आधीची सगळी मजा शिक्षा ठरते. सुटका प्रश्न ८ मधल्या तीन नियमांतून यावी, शक्यतो बाहुली म्हणूनच जमणाऱ्या एखाद्या करामतीतून. दुखणारा गुडघा आणि मिटणारी पापणी परत मिळाल्याचा आनंद एका परिच्छेदात पुरे.

२५. बबन परत मुलगा झाला, मग त्या बाहुलीचं काय होतं?

हे संपादक विचारत नाहीत, मुलं हटकून विचारतात. बबनचं शरीरच बाहुली झालं असेल तर मागे बाहुली उरत नाही. पण दोरे आणि फुली शरीराचा भाग नव्हते, ते उरतात. बबनचा जीव आधीच्या एखाद्या बाहुलीत शिरला असेल तर बाहुली उरते. मग मधल्या दिवसांत त्याचं स्वतःचं शरीर कुठे होतं, याचं उत्तर पहिल्या पन्नास पानांत देऊन ठेवावं लागतं. पहिला रस्ता घेतलात तर पान १२८ मोकळं ठेवा. ते डावीकडचं आणि अगदी शेवटचं असतं. तिथे खुंटीला अडकवलेली फुली, खाली लोंबणारे नऊ दोरे, त्यातले आठ सैल. नववा जरासा ताणलेला.